पाणी कोठवर येते?

चुलतभावासाठी मुलीकडचे घर पाहायला आले होते. मुलीचे वडील, त्यांचे भाऊ, एक मेव्हणे आणि गाडी चालवणारा पोरगा. 2020 च्या पुरानंतरचं दुसरं वर्ष होतं ते. मी नागपूरहून मुद्दाम गेले होते, कारण अशा वेळी घरात एखादी शिकलेली माहेरवाशीण दिसली तर बरं दिसतं, असं मोठ्या मायचं म्हणणं. आमच्याकडे सोयरीक पाहायला आलेला माणूस ठरलेल्या गोष्टी विचारतो. धानाची जमीन किती, ओलिताची सोय आहे का, पोराच्या नावावर काय आहे. पोरगा पितो का, हे मात्र घरात नाही, पानठेल्यावर विचारतात. हे गृहस्थ तसं काहीच विचारेनात. सपरीत खाट टाकली होती, तिच्यावर बसलेही नाहीत. सरळ आतल्या खोलीच्या भिंतीपाशी गेले आणि तळवा टेकवून उभे राहिले. भिंतीला नवा रंग होता, फिकट पिस्ता. रंगाखाली कमरेच्या वर एका सरळ रेषेत बारीक पोपडे धरले होते. त्या रेषेवरून त्यांनी हळूच बोट फिरवलं आणि मोठ्या बाबांकडे वळून विचारलं, "पानी कोठवर येते जी?"

मोठे बाबा म्हणाले, "पायरीवरी. तेही चौऱ्याण्णवले आलं होतं. मंग नाही." त्याच वेळी माझा चुलतभाऊ म्हणाला, "आंगनात येते कधीमधी." आणि चुलीजवळून मोठी माय म्हणाली, "गंगामाई कायले येते जी घरात, ते तं आपल्या वाटेनं जाते." तीन उत्तरं एकाच वेळी हवेत होती आणि माझ्या हातात पोह्यांचा ट्रे होता. पाहुण्यांनी तिन्ही ऐकून घेतली, मान हलवली, मग खाटेवर बसून पोहे खाल्ले, कांदा मागून घेतला, गाय किती दूध देते ते विचारलं. दोन बशा चहा झाला. सोयरीक जमली, वैशाखात लग्न लागलं, सून घरात रुळली. सगळं सुरळीत झालं. तो प्रश्न मात्र माझ्यासोबत नागपूरला आला.

मोठ्या बाबांना खोटारडे म्हणावं, असं मला आजही वाटत नाही.

आमचं गाव वैनगंगेपासून थोडं आत आहे, चुलबंद नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठावर. पुढे चुलबंद वैनगंगेला मिळते. नदी गावातून दिसत नाही. त्यामुळे पुराच्या बाबतीत आमचं गाव ना धड काठावरचं, ना धड उंचावरचं. काठावरच्या गावांत पुराची सवय असते. घरात माळा असतो, ढिवरांचा डोंगा दाराशी असतो, पाणी चढायला लागलं की कोणती वस्तू आधी उचलायची हे लहान पोरांनाही माहीत असतं. आमच्याकडे पाणी इतक्या वर्षांनी येतं की एकदा आलेलं पाहिलेली पोरं पुढच्या खेपेपर्यंत घरकर्ती झालेली असतात. गावात पुराच्या खुणा आहेत, पण त्या माणसामाणसाच्या वेगळ्या. आमच्या आबाजींची खूण मारुतीच्या देवळाची तिसरी पायरी. शेजारच्या काकांची खूण कडुनिंबाच्या खोडावरची गाठ. शाळेच्या भिंतीवर कुण्या गुरुजींनी ऑइलपेंटनं रेघ ओढून 1994 असं लिहिलं होतं. पुढे शाळेला रंग दिला तेव्हा ती रेघ बुजली. देवळाचा जीर्णोद्धार झाला, पायऱ्यांवर फरशी बसली, तिसरी पायरी दुसरी झाली. आता देवळापाशी बसून कुठला पूर मोठा यावरून भांडण लागलं तर कुणाकडे पुरावा नाही. 2005 चा पूर मोठा म्हणणारी पिढी वेगळी, 1994 चा म्हणणारी वेगळी. आबाजी दोघांनाही हसायचे. त्यांच्या लहानपणी त्यांनी आणखी मोठा पाहिला होता म्हणे, पण तो पाहिलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांचं कुणी ऐकत नसे.

चौऱ्याण्णवचा मला आठवतो, पण तुकड्यातुकड्यांत. आबाजींच्या खांद्यावर बसून शाळेत गेले तेव्हा त्यांच्या ओल्या बंडीचा आणि तंबाखूचा वास. शाळेच्या वर्गात आमच्यासोबत बकऱ्या. कंदिलाच्या काचेवर काजळी धरलेली. रात्री कुणीतरी रडत होतं आणि कुणीतरी त्याला गप्प करत होतं, ते कोण होते ते कधी कळलं नाही. आणि मग घरी परतल्यावरचा वास. ढोल्यातलं धान भिजून तापलं होतं, त्याला कोंब फुटले होते. आंबलेल्या धानाचा तो गोडसर, उग्र वास महिनाभर कपड्यांतून गेला नाही. अजूनही एखाद्या हॉटेलात इडलीच्या पिठाचा वास जरा जास्त आला की माझी भूक मरते, आणि नवऱ्याला याचं कारण समजावून सांगायचा मला कंटाळा येतो.

आबाजी पाण्याचे दोन प्रकार करत. घरचं पाणी आणि वरचं पाणी. घरचं पाणी म्हणजे आपल्या डोक्यावर पडलेलं. ते तलाव भरतं, बांध्या म्हणजे धानाची शेतं भरतं, तलाव भरला की सलंगीवरून म्हणजे सांडव्यावरून नाल्यात जातं. झड आठ दिवस लागली तरी घरचं पाणी फार तर रोवणा वाहून नेईल, माणसाला भिववणार नाही, असं ते सांगत. भ्यायचं ते वरच्या पाण्याला. पावसाळ्यात संध्याकाळी ते रेडिओ कानाला लावून बसायचे, आकाशवाणीच्या नागपूर केंद्राच्या बातम्या ऐकायला. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आहे, हे वाक्य आलं की रेडिओचा आवाज वाढायचा. त्यांनी समुद्र आयुष्यात पाहिला नव्हता. तरी ओडिशाच्या किनाऱ्यावरून ढग निघाले की चारएक दिवसांत ते बालाघाट-शिवनीच्या डोंगरांवर येतात, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. रात्री अंगणात उभे राहून ते उत्तरेकडे लवणारी वीज बघायचे. आवाज नसलेली, क्षितिजाखाली चमकणारी. "तिकडं लावला तेनं," एवढंच म्हणायचे आणि आत येऊन माळ्यावरचा दोर खाली काढून ठेवायचे.

मी पुढे भूगोल शिकले तेव्हा आबाजींच्या अंगणातल्या अंदाजाला शास्त्राचा आधार आहे हे कळलं, आणि जरा गंमतही वाटली. जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात. राजस्थानपासून उपसागरापर्यंत ताणलेला मान्सूनचा जो कमी दाबाचा पट्टा असतो, त्याच्या आधारानं ती पश्चिमेकडे, किंचित वायव्येकडे सरकतात. ओडिशा, छत्तीसगड, मग पूर्व मध्य प्रदेश. यातली खरी मेख अशी की सर्वांत जोराचा पाऊस या क्षेत्राच्या केंद्रावर पडत नाही. तो पडतो नैऋत्येच्या बाजूला. म्हणजे केंद्र जबलपूरच्या अंगानं चाललं असेल तर शिवनी, छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया हे सगळं त्याच्या नेमकं तोंडाखाली येतं. सातपुड्याचा उतार तिथे उभाच आहे. आणि तो मान्सूनचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की आमच्याकडे उघाड पडते. मग ऑगस्टच्या उन्हात रोवलेलं धान पिवळं पडतं, बांधीत भेगा पडतात आणि गावात धोंडी निघते. पूर आणि कोरड एकाच पट्ट्याच्या वरखाली होण्यावर. विदर्भात जून ते सप्टेंबर सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो असं पुस्तकात असतं. बुलढाण्याच्या माणसाला हा आकडा फार वाटेल आणि गडचिरोलीच्या माणसाला कमी. सरासरीत राहणारा माणूस मला तरी विदर्भात कुठे भेटलेला नाही.

वैनगंगा स्वतःच वळणाची. शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावी उगवते, आधी उत्तरेला जाते, मग मोठा अर्धगोल वेढा घालून दक्षिणेला वळते आणि बालाघाटवरून आपल्याकडे उतरते. त्यामुळे तिकडच्या डोंगराळ मुलखाचा जवळजवळ सगळा ओलावा ती गोळा करत येते. वाटेत वाघ नदी मिळते, बावनथडी मिळते. अंभोऱ्याला कन्हान मिळते, ती पेंचला सोबत घेऊनच आलेली असते. अंभोऱ्याला आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो. टेकडीवरच्या चैतन्येश्वराच्या देवळातून खाली पाहिलं तर कुठलं पाणी कुणाचं हे सांगता येत नाही. बाईंनी पाच नद्यांची नावं पाठ करून घेतली होती. घरी येऊन मी ती आबाजींना म्हणून दाखवली. ते म्हणाले, "पाचही आपल्याच दारात येतेत."

2020 साली तसंच झालं.

कोरोनाचं वर्ष. पोळा घरातल्या घरात झाला होता. महालक्ष्म्या बसून उठल्या होत्या, गणपती अजून बसलेले होते. मी नागपुरात अडकलेली, गावाला जायची सोय नाही, भीतीही. मघा नक्षत्र संपत आलं होतं. पडल्या मघा तर चुलीपुढं हगा, न पडल्या मघा तर ढगाकडं बघा, ही म्हण मोठी माय दरवर्षी हसून हसून म्हणते, त्या वर्षी तिनं फोनवर म्हटली नाही. ऑगस्टचा शेवटचा आठवडा. आधी पाऊस झाला होता, तलाव सलंगीवरून वाहत होता, पण ज्या दिवशी पाणी चढलं त्या दिवशी गावात ऊन होतं. हे मला भावानं फोनवर तीनतीनदा सांगितलं. "ताई, ऊन पडलं आहे. कपडे वाळत घातले होते." वर छिंदवाडा-शिवनीत ढगांनी कहर केला होता. तिकडची धरणं भरली, संजय सरोवरातून पाणी सुटलं, पेंचमधून सुटलं, आणि ते सगळं वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणात आलं. तिथले सगळे म्हणजे 33 च्या 33 दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहरात पाणी शिरलं, पवनी, लाखांदूर, वडसा, ब्रह्मपुरी तालुक्यातलं लाडज, सगळीकडून फोनवर व्हिडिओ येऊ लागले. एका व्हिडिओत छपरावर बसलेली कोंबडी होती. तो मी कितीतरी वेळा पाहिला.

आमच्या घरी पाणी नदीकडून आलंच नाही. ते मागून आलं, सांदवाडीतून म्हणजे परसातून. हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. नदी तुडुंब चालली की ती नाल्याचं पाणी आत घेत नाही. आमच्याकडे म्हणतात, नदीनं दाब दिला. आधी चुलबंद थांबते, मग चुलबंदीला मिळणारा नाला थांबतो, मग तो उलटा चालायला लागतो. भाऊ सांगत होता की त्यानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाल्यावर तरंगणारं तणस वरच्या दिशेनं चाललं होतं. आवाज काही नाही. डोंगरातला पूर गर्जत येतो, दाबाचा पूर चोरपावलांनी येतो. दर तासाला बोटभर, मग वीतभर. माणूस अंगणात उभा राहून एक काडी रोवतो, ती बुडाली की दुसरी रोवतो. त्याला वाटत असतं, आता थांबेल. दाब कधी सुटेल हे आपल्या गावातल्या कशावरही अवलंबून नसतं. खाली नदी मोकळी झाली तर आपला नाला मोकळा होणार. आमच्याकडे त्या खेपेला पाणी खिडकीच्या वर गेलं, कोठ्याची मागची भिंत बसली, आणि घरातली माणसं वेळेत शाळेच्या गच्चीवर पोचली होती. मोठ्या बाबांनी गणपती डोक्यावर धरून नेला. विसर्जन गच्चीवरच्या बादलीत झालं.

रस्ता उघडल्यावर मी गेले तेव्हा घरात तोच वास होता. आंबलेलं धान. मी ओसरीतच उभी राहिले.

वळूनवळून लोक धरणाला शिव्या देतात. मला त्या पूर्ण पटत नाहीत आणि पूर्ण खोडताही येत नाहीत. सिंचनाचं धरण पावसाळा संपताना भरलेलं पाहिजे, नाहीतर उन्हाळी धानाला पाणी कुठून येणार? म्हणजे ऑगस्टअखेरीला त्यात जागा कमीच उरणार, आणि नेमक्या त्याच दिवसांत उपसागराकडून एखादा मोठा लोंढा आला तर धरण त्याला अडवून धरणार कशात? जे आत येईल ते बाहेर सोडावं लागतं. आता हेही खरं की किती आधी, किती किती सोडायचं हा माणसाचा निर्णय असतो, आणि दोन राज्यांतली धरणं एका ओळीत असली की वरच्यानं खालच्याला वेळेत सांगणं हाही माणसाचाच भाग. जे लोक धरण नसतं तर पूर आला नसता म्हणतात, त्यांना चौऱ्याण्णव आठवत नाही. तेव्हा गोसीखुर्दची भिंत उभी नव्हती, 1988 मध्ये नुसतं भूमिपूजन झालं होतं. आणि जे म्हणतात जुने मालगुजारी तलाव दुरुस्त केले की पूर थांबतील, त्यांच्याशीही माझं पटत नाही, मला त्या तलावांचं कितीही प्रेम असलं तरी. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. कोहळी लोकांनी उतार ओळखून एकाखाली एक बांधलेले, एकाच्या सलंगीचं पाणी खालच्यानं झेलावं असे. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव हे नाव कागदावर चढलं आणि गाळ तलावात. ते दुरुस्त व्हायलाच हवेत. पण ते झेलतात आबाजींचं घरचं पाणी. शिवनीचं पाणी झेलणं त्यांच्या आवाक्यातलं नाही, कधी नव्हतंच.

आणि वर्धा नदीची गोष्ट आणखी वेगळी. मोवाडचं नाव आमच्या घरात घेतलं की मोठी माय पदर डोक्यावर घ्यायची. 30 जुलै 1991. वर्धेचं पाणी गावात शिरलं आणि 204 माणसं गेली. तिथून सातपुडा जवळ, नदी अजून लहान, उतार तीव्र. काडी रोवून बघत बसायला वेळच मिळत नाही. नंतर मोवाड नव्या जागी वसलं. आमच्या वैनगंगेचा पूर माणसाला वेळ देतो, आणि त्याच वेळेत माणूस उगाच आशेवर बसून राहतो, असं मला कधीकधी वाटतं. मोवाडनंतर असं काही बोलायची लाज वाटते, म्हणून घरात बोलत नाही.

पुरानंतर तलाठी पंचनाम्याला आले होते. सोबत कोतवाल, हातात मोबाईल. अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळाच्या ठिकाणच्या पर्जन्यमापकावर, चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला तर. गावातल्या एका म्हाताऱ्याच्या डोक्यात हे पक्कं बसलेलं. तो तलाठ्यांना हात जोडून सांगत होता, "साहेब, पाऊस नाही झाला जी, पन पानी आलं." तलाठी बरे होते, म्हणाले, "बाबा, पुराचा रकाना वेगळा आहे." म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. तो परत परत तेच सांगत राहिला. पाऊस नसताना आलेल्या पाण्याची भरपाई सरकार कशाला देईल, ही त्याची शंका मला अगदी रास्त वाटली. बिनपावसाचा पूर मुळात पटण्यासारखा आहे का?

त्या वर्षी नदीकाठच्या बांध्यांतलं धान गेलं ते गेलंच. काही शेतांत रेती पसरली, ती अजून निघालेली नाही. पण आमच्या दोन बांध्यांत नदी मळी म्हणजे गाळ सोडून गेली होती. काळी, लोण्यासारखी, पाय घोट्यापर्यंत रुतेल एवढी. भावानं तिच्यावर लाखोळी म्हणजे लाखेच्या डाळीचं बी फेकलं. नुसतं फेकलं, नांगरट नाही, खत नाही. त्या हिवाळ्यात जी लाखोळी झाली तशी मी पुन्हा पाहिली नाही. निळी-जांभळी फुलं, गुडघ्याच्या वर वाढलेली. मोठी माय ती खुडून भाजी करायची आणि म्हणायची, घेतलं तेवढं देऊन गेली बाई. हिशेबानं पाहिलं तर तसं काही नव्हतं. धानाचं नुकसान लाखोळीनं भरून येत नाही, कुणीही सांगेल. पण मी तिला हिशेब सांगितला नाही, भाजीच पुन्हा वाढून घेतली.

माझ्या भावाच्या बायकोला, म्हणजे त्या भिंतीवर बोट फिरवणाऱ्या गृहस्थांच्या मुलीला, मी एकदा विचारलं होतं की तुझ्या बाबांना खरं कळलं होतं का. ती म्हणाली, "कळलं नाही तर काय? लग्नाच्या आधीच सांगितलं मले, पानी खिडकीच्या वर येते म्हनून." मग तुला इथं का दिलं? तर तिच्या माहेरी, नागभीडकडे, तीन वर्षांतून एकदा तलाव अर्धाही भरत नाही. "बाबा म्हने, पानी येते तेथं धान तं होते." पुढे घरकुल मंजूर झालं, सरकारकडून 1 लाख 20 हजार, त्यात जोतं किती उंच घ्यायचं यावरून घरात आठवडाभर वाद झाला. एकेक फूट चढवायचा म्हणजे मुरूम, विटा, मजुरी. मिस्त्री म्हणाला अडीच फूट, मोठे बाबा म्हणाले दोन पुरे, पूर काय रोज येतो? ही म्हणाली चार. साडेतीनावर तडजोड झाली. खिडकीच्या हिशेबानं ते कमीच आहे आणि हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. वर उरलेल्या पाण्यासाठी मिस्त्रीनं लोखंडी शिडीचा माळा काढून दिला.

अशा वाटाघाटी पुढे जास्त करायला लागणार असं दिसतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मांडलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. एकूण पाऊस मात्र त्या काळात घटत गेला. म्हणजे उघाडही लांबणार आणि लोंढाही मोठा येणार. आबाजींचा चार दिवसांचा अंदाज बरोबर राहील, त्यांचा दोर आखूड पडेल.

आता गावात रेडिओ कुणी ऐकत नाही. मोबाईलवर संदेश येतात, गोसीखुर्दचे इतके दरवाजे इतके मीटर उघडले, इतके क्युमेक विसर्ग. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर, हे मी भावाला समजावून सांगितलं होतं. तो म्हणाला, "लिटर नको सांगू ताई, घरात येते का ते सांग." भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या पुलाची धोक्याची पातळी 245.50 मीटर, हे त्याला पाठ आहे. पण तो आकडा समुद्रापासून मोजलेला, आपल्या अंगणापासून नाही. आकडे येतात, त्यातून आपली पायरी काढता येत नाही. म्हणून पाऊस लागला की भाऊ मला फोन करतो, "शिवनीत काय म्हणते?" माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांचं घर शिवनीचं आहे. मी त्यांच्या आईला फोन लावते. त्या हिंदीत बोलतात आणि पाऊस सांगायची त्यांची रीत अशी की आधी अंगणात काय काय वाळत टाकलं होतं ते येतं. तीन दिवसांपासून पापड घरातच आहेत, असं म्हणाल्या तर मी भावाला सांगते, माळा रिकामा कर. आजवर एखाददुसऱ्या वेळी माळा उगाच रिकामा झाला, त्याबद्दल त्यानं कुरकुर केली नाही. वहिनीनं केली.

मग भाऊ ते पुढे वडशाला कळवतो, आणि मी सिरोंच्याला. माझी एक मैत्रीण तिथे शिक्षिका आहे. तिच्याकडे पोचेपर्यंत वैनगंगेला वर्धा मिळालेली असते, पैनगंगा आधीच वर्धेत आलेली असते, आणि या सगळ्यांची मिळून प्राणहिता झालेली असते. लांबीला जेमतेम सव्वाशे किलोमीटरही नाही, पण गोदावरीच्या एकूण खोऱ्याचा एक तृतीयांश भाग तिच्या एकटीच्या पाठीवर. सिरोंच्याला पूर दोन नद्यांच्या मर्जीवर. गोदावरी आधीच भरून चालली असेल तर ती प्राणहितेला दाब देते, जसं आमच्या नाल्याला चुलबंद देते, फक्त तिथे तो दाब कित्येक गावांवर पसरतो. 1986 च्या ऑगस्टमध्ये खाली भद्राचलमला गोदावरी 75.6 फुटांवर गेली होती. 2022 च्या जुलैत 71 फुटांच्या वर. त्या जुलैत मैत्रिणीच्या शाळेत चार गावांची माणसं होती आणि तिनं मला फोनवर एवढंच सांगितलं की पाण्याला हात धुवायच्या साबणाचा वास येतोय, कुठल्यातरी दुकानाचं गोदाम बुडालं असावं. खाली गोदावरीवर मेडीगड्ड्याचं धरण झाल्यापासून मागे फुगणाऱ्या पाण्याबद्दल तिकडच्या लोकांचं वेगळंच रडगाणं आहे, ते ती सुरू करते आणि मग रेंज जाते.

यंदा श्रावणात मी तिला शिवनीचे पापड घरात असल्याचं कळवलं, तर ती म्हणाली, तुझं पाणी येईल तेव्हा येईल, मला आधी गोदावरीचं सांग, नांदेडकडे किती पाऊस आहे? नांदेडला माझ्या ओळखीचं कुणी नाही. ती म्हणाली थांब, माझ्या वर्गातल्या एका मुलाची मावशी धर्माबादला दिली आहे, तिला विचारते.